अठरा गाठी आणि चार बोटं

पाण्याच्या दिवशी आमच्या गावात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. नळाला दर चौथ्या दिवशी सकाळी सहा ते सात पाणी येतं, आणि त्या तासात माणूस मरायला टेकला असला तरी त्याने सातपर्यंत दम धरावा, असं आमच्या सासूबाई म्हणतात. त्या दिवशी नवरा पाचच्या गाडीने खाणीवर गेला होता. मी स्वयंपाकघरात नळाखाली एकामागून एक भांडं लावत होते. आधी पिंप, मग दोन बादल्या, कळशी, पातेली, आणि धार बारीक झाली की अगदी पेलेसुद्धा. सासूबाई खुर्चीत बसून वाऱ्याने रातोरात खिडकीच्या फटीतून आत टाकलेली वाळू फडक्याने गोळा करत होत्या आणि कुठलं भांडं आधी लावायला हवं होतं ते मला सांगत होत्या. नळामागच्या भिंतीचे पोपडे नेहमीप्रमाणे पिंपात पडू बघत होते. त्या भिंतीला दरवर्षी चुना लावतो आणि दरवर्षी तो कंबरेइतक्या उंचीपर्यंत सोलून निघतो, म्हणून मी पिंपावर ताट आडवं धरलं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

सासूबाईंनी फडकं थांबवलं. "कुणीतरी गेलं," त्या म्हणाल्या.

कुणी गेलं नव्हतं. दारात दोरकाका उभे होते.

दोरकाका म्हणजे गावातल्या नऊ विहिरींचं पाणी अडतीस वर्षं ज्यांनी मोजलं ते. खरं नाव पगारपत्रकावर असेल. गावाला दोरकाकाच माहीत. वय सत्त्याहत्तर, अंगावर मांस नावाला, पण पाठ ताठ. उजवा खांदा तेवढा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, कारण दोराचं वेटोळं आयुष्यभर त्याच खांद्यावर राहिलं. हातात कापडी पिशवी होती. पाण्याच्या वेळेची किंमत गावात ज्याला सगळ्यात जास्त कळावी, तोच माणूस सव्वासहाला दारात.

"भावजी, विहिरी संपल्या म्हणून आता हंडे मोजायला आलात काय?" सासूबाईंनी आतूनच विचारलं.

एरवी दोरकाकांनी सव्याज परतफेड केली असती. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "सूनबाईंचं पाणी होऊ दे, वहिनी. मी बसतो पायरीवर. फक्त एक आधी सांगा, ते पुस्तक छापायला गेलं का?"

गेलं नव्हतं. परवा जायचं होतं. हे ऐकल्यावर त्यांनी सोडलेला श्वास मला नळाच्या आवाजातसुद्धा ऐकू आला.

पुस्तक म्हणजे शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात म्हणून काढायची चौसष्ट पानांची पुस्तिका, गावाचा इतिहास आणि भूगोल. मुख्याध्यापिकाबाईंनी ती माझ्या गळ्यात घातली होती. कॉलेजात इतिहास घेतलास आणि दुपारी झोपत नाहीस, अशी दोन कारणं त्यांनी दिली होती. छापण्याआधी चुका सापडाव्यात म्हणून सुटी पानं वर्गात वाचायला दिली होती. दोरकाकांची नात त्यातलं एक पान घरी घेऊन गेली आणि जेवणाच्या वेळी तिने ते मोठ्याने म्हणून दाखवलं. पान तीस. त्यात मी लिहिलं होतं: 'त्या वर्षी राखीव विहिरीचं पाणी वीटभट्टीवाल्यांनी चोरलं आणि अर्ध्या गावावर घरदार सोडण्याची पाळी आली.' ऐकीव होतं, पण ज्याला विचारावं तो हेच सांगत होता, आणि सगळे एकच सांगतात तेव्हा आपण पुन्हा विचारत नाही.

समोरच्या, एकतिसाव्या पानावर दोरकाकांचा फोटो होता. खाली ओळ होती, 'ज्यांच्या नोंदींवर हा इतिहास उभा आहे'.

सात वाजता नळाने दोन उचक्या दिल्या आणि तो बंद झाला. मी चहा ठेवला. दोरकाका स्वयंपाकघरात आले, पाटावर नको म्हणाले, स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर घेतली. मग बोलत राहिले. चहाच्या कपाला त्यांनी हात लावला तेव्हा त्यावर साय धरून ती सुरकुतली होती.

त्यांचं सांगणं कळायला आधी गाव कळायला हवं. नकाशावर आमचं गाव पडवळासारखं दिसतं, लांब, बारीक आणि मध्ये वाकडं. पश्चिमेला बोडका डोंगर, पूर्वेला नदी. नदी म्हणायची सवय. वर्षातले पाच-सहा दिवस सोडले तर तो वाळूचा पट्टा आहे. डोंगर आणि नदी यांच्या मधोमध जमिनीखाली खडीचा एक अरुंद थर आहे आणि पाणी फक्त त्याच्यात. विहिरी त्या थरावर एका ओळीत खणल्या गेल्या आणि घरं विहिरींना धरून वसली. म्हणून गावाला रस्ता एकच. चौथ्या विहिरीपाशी तो एकदम डावीकडे वळतो, कारण तिथे खणणाऱ्यांना काळा खडक लागला. जितक्या खोलीवर इतर विहिरींना पाणी मिळालं तितकं खणून झाल्यावर त्यांनी हात टेकले आणि बाजूला सरकले. खणणारे कोण, कुणालाच माहीत नाही. जनावरं घेऊन हिंडणारी माणसं आधी आली, मग रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं आणि पुढे-मागे चाळीस मैलांत ते इथेच होतं. शाळेच्या आधी गावात स्टेशन झालं. मग बिनपाण्याची इंजिनं आली आणि गाड्या न थांबता जाऊ लागल्या.

वरच्या विहिरींचं पाणी मचूळ, खाली उतरत जावं तसं गोड. एखादी सून चांगली निघाली की बायका म्हणायच्या, सातव्या विहिरीची दिसते. सगळ्यात गोड नववी. ती राखीव होती. तिच्यावर पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली पाणी ऑफिसात. आठही विहिरी हरल्या तरच ती उघडायची. तिच्यापलीकडे जमीन नदीकडे उतरते, तिथे वीटवाल्यांच्या तीन झोपड्या होत्या. एकच कुटुंब: म्हातारा, त्याचे दोन मुलगे, सुना, नातवंडं. गावातलं प्रत्येक घर त्यांच्या विटांचं. दोन पिढ्या इथे राहिलेले, तरी गाव त्यांना 'ते खालचे' म्हणायचं. त्यांना गावच्या कुठल्याच विहिरीचं पाणी नव्हतं. नदीच्या कडेला त्यांनी आपला खड्डा खणला होता, त्यात खारट पाणी झिरपायचं. चिखल त्याच पाण्यात मळायचे.

दोरकाकांचे वडील स्टेशनवर इंजिनाच्या टाकीत पाणी चढवायचे. टाकीच्या सावलीत हे वाढले आणि तेविसाव्या वर्षी पाणी ऑफिसात लागले. काम एकच. दर सोमवारी उजाडता उजाडता पहिल्या विहिरीपासून निघायचं आणि नववीपर्यंत मोजत जायचं. काथ्याच्या दोराला हाताहातावर गाठ, दर दहाव्या गाठीला लाल चिंधी, आणि टोकाला उपडी बांधलेली पितळी वाटी. वाटी पाण्याला टेकली की खालून 'डुब' असा आवाज येतो. तो आला की विहिरीच्या काठावरची गाठ धरायची आणि मोजायची. कान विहिरीत, बोट दोरावर. सत्तर हातांची विहीर, साठाव्या गाठीला आवाज, म्हणजे खाली दहा हात पाणी. इतकं सोपं. ऑफिसात परतून आकडे रजिस्टरात चढवायचे आणि बाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे. लोक त्या फळ्यापुढे येऊन उभे राहायचे. सोयरिकी जमवणारे आधी फळा बघायचे, मग मुलगा. टवाळ पोरं ओरडायची, दोरकाका, माझी अक्कल किती हात? ते म्हणायचे, दोर नको, वीत पुरेल.

काथ्या लांबतो. भिजून, वाळून, वजन धरून दरवर्षी थोडा थोडा. म्हणून ऑफिसच्या आवाराच्या भिंतीत दोन लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या, एक फाटकाशी, एक कोपऱ्यात, बरोबर वीस हातांवर. उन्हाळा लागण्यापूर्वी दोर त्या खुंट्यांवर ताणायचा. विसाव्या गाठीला दुसरी खुंटी यायला हवी. नाही आली तर दोराच्या गाठी सोडून नव्याने मारायच्या. रजिस्टराच्या पहिल्या पानावरच हा नियम लिहिलेला होता.

"कोपऱ्यातली खुंटी वाळूत गेली होती," दोरकाका म्हणाले.

वारा डोंगराकडून येतो आणि कोपऱ्यात वाळू टाकतो. घरातही तसंच, बाहेरही तसंच. त्या कोपऱ्यात छातीपर्यंत ढीग साचला होता. त्यांनी साहेबांना अर्ज केला, आवार साफ करून मिळावं. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला. तिसऱ्या वर्षी अर्जही केला नाही. दोर तोच, हात तोच, आकडा थोडाच खोटं बोलणार, असं त्यांना वाटलं. ते वरचेवर एकच गोष्ट म्हणत होते, की फावडं ऑफिसातच होतं आणि ढीग उपसायला अर्धा दिवस लागला असता. आपलं काम मोजायचं, उपसायचं नाही, असं तेव्हा डोक्यात होतं.

तिसऱ्या वर्षी पाऊस दोनच दिवस पडला.

ही सेहेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा अर्धा सरेतो आठ विहिरी तळाला गेल्या. रेल्वेकडे पाण्याच्या वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, मोजक्याच होत्या आणि मागणी दोन गावांची. वरिष्ठ साहेब आले, त्यांनी दोरकाकांचं रजिस्टर मागवलं. राखीव विहीर, खोली सत्तर, पाणी साठाव्या गाठीला. दहा हात शिल्लक. दिवसाला पाव हात धरला तरी चाळीस दिवस. साहेबांनी पाठ थोपटली, असं रजिस्टर जिल्ह्यात नाही म्हणाले, आणि वाघिणी आधी दुसऱ्या गावाला दिल्या. आमचा नंबर चाळीस दिवसांनी.

नववी उघडली. अकराव्या दिवशी बादली वर आली ती गाळ घेऊन.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. आमच्याकडे त्या वर्षी आडात नव्हतं, पण रजिस्टरात होतं. आणि रजिस्टरात होतं म्हणजे होतंच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. मग ते गेलं कुठे? कुलूप शाबूत होतं. पण झाकणाच्या एका पत्र्याला वीतभर फट होती, आणि विहिरीपासून शंभर पावलांवर ओल्या विटांच्या रांगा वाळत पडल्या होत्या. सगळ्या गावाच्या घशाला कोरड आणि तिथे चिखल मळलेला. एवढा पुरावा पुष्कळ झाला.

आता सासूबाई म्हणाल्या, "भावजी, मेलेलं कशाला उकरताय? सुनेला तर तेव्हाचं काही ठाऊकही नाही."

"म्हणूनच तिने लिहिलं, वहिनी."

दुपारी चाळीस-पन्नास पुरुष खाली गेले. दोरकाकाही गेले. त्यांनी हात उचलला नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि लगेच म्हणाले की त्याला काही अर्थ नाही, कारण म्हातारा वीटवाला गर्दीत दुसऱ्या कुणाकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होता. या माणसाकडे दोर आहे, हा सांगेल, असं त्याला वाटलं असावं. म्हाताऱ्याने विचारलंही, "तुम्ही मोजता ना? सांगा यांना." आणि दोरकाकांनी खरोखरच सांगितलं. दहा हात होतं, मी स्वतः मोजलं होतं. त्या वेळी त्यांना ते खरं वाटत होतं.

झोपड्या पाडल्या. भट्टी फोडली. सूर्य कलायच्या आत त्या कुटुंबाने चालू पडावं असं ठरलं. बरोबर पाणी त्यांच्याच खड्ड्यातलं, खारट, दोन घागरी. पुढचं स्टेशन चौदा मैल. मधे झाड नाही. रुळांच्या कडेने निघाले. वरून गाड्या गेल्या, थांबल्या नाहीत; त्या आमच्यासाठीसुद्धा थांबत नव्हत्या. चार दिवसांनी रेल्वेच्या गँगमनने येऊन सांगितलं की सातव्या मैलाच्या दगडापाशी त्याने दोघांना पुरलं. म्हातारा आणि धाकट्या सुनेचं अंगावरचं मूल. बाकीचे पुढे गेले. कुठे, ते कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी चहा गरम करून आणते म्हटलं, दोरकाका नको म्हणाले.

खुंटी सापडली ती त्यांना हाकलल्याच्या तिसऱ्या दिवशी. गँगमन यायचा होता अजून. गावात ओरड झाली म्हणून मोठे साहेब पाहणीला येणार होते, त्यासाठी घाईघाईने आवार झाडलं गेलं. दोन अर्जांनी जे झालं नव्हतं ते चार माणसांनी सकाळच्या दोन तासांत केलं. कोपरा मोकळा झाला. दोरकाका एकटेच होते तिथे. त्यांनी सहज, हाताला चाळा म्हणून, दोर ताणला. वाटीकडचं टोक फाटकाच्या खुंटीला लावलं आणि चालत गेले. दुसऱ्या खुंटीपाशी त्यांनी गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग दोर उलटा धरून तिसऱ्यांदा मोजल्या.

अठरा गाठी आणि वर चार बोटं.

वीस हातांत जवळजवळ दोन हात गेले होते. दर दहा गाठींमागे एक हात. साठाव्या गाठीला पाणी म्हणजे साठ हातांवर नव्हे, सहासष्ट हातांवर. खाली दहा हात नव्हतेच कधी. चार होते, त्यातला हातभर गाळ. लोकांनी अकरा दिवसांत जे प्यायलं तेवढंच तिथे होतं. कुणी काही चोरलं नव्हतं.

त्या क्षणी पळत सुटलो असतो तर, असं ते म्हणाले. घोडं, सायकल, काहीतरी. तीन दिवस झाले होते, पण गँगमनने नंतर सांगितलं की मूल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं. दगडापाशी ते लोक सावली धरून बसून राहिले होते, म्हाताऱ्याला चालवेना म्हणून. दोरकाकांनी हा हिशेब मला दोनदा करून दाखवला, बोटांवर, जसा एखादा माणूस कुलूप लावलं की नाही ते पुन्हापुन्हा बघतो.

पळाले नाहीत. दोर गुंडाळला आणि घरी गेले. बायकोला सातवा महिना होता. तिला सांगितलं. ती म्हणाली, "एक तर जाऊन फळ्यावर लिहा, नाही तर माझ्यापुढे हे पुन्हा काढू नका." त्यांनी दुसरं निवडलं. नोकरी जाईल, ऑफिसची खोली जाईल, बाळंतपण तोंडावर. नंतर बाळंतपण झालं, तर गावच निम्मं रिकामं झालेलं. अकराशे घरांची पाचशेही उरली नव्हती. लोक पेटलेले, आज सांगितलं तर आपणही रुळांच्या कडेने. मग पाऊस पडला, मग पोराची शाळा, मग पोराला त्याच ऑफिसात चिकटवायचं होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता सांगण्यासारखं कुणी उरलं नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी दोर दर सोमवारी खुंटीला लावला. बाजारात कापड घेतानासुद्धा दुकानदाराच्या गजावर ते आपला हात लावून बघतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि सगळं गाव त्यावर हसतं. मीही हसले आहे.

बायको मागच्या थंडीत गेली. जाईपर्यंत तिने तो विषय काढू दिला नाही. फक्त एकदा, भट्टीवरच्या विटा जो तो उचलून नेत होता तेव्हा, दोरकाकांनीही एक हातगाडी भरून आणली होती. तिने पोटुशी असताना स्वतः दारात आडवी उभी राहून ती गाडी परत पाठवली.

"विटा," सासूबाई म्हणाल्या.

दोरकाकांनी पिशवीतून दोर काढला. काथ्या काळपट, काही गाठी दगडासारख्या घट्ट, लाल चिंध्यांचा रंग उडून त्या मातकट झालेल्या. हा तोच दोर. ऑफिसात त्यांनी नवा मागून घेतला आणि हा जपून ठेवला. मला म्हणाले, सूनबाई, शिवणाची टेप आहे का? एक हात म्हणजे अठरा इंच. मोजा.

मी मधल्या दोन गाठींमधलं अंतर मोजलं. पावणेवीस आलं. दुसरीकडे मोजलं. पावणेवीस.

मग त्यांनी नळामागच्या भिंतीकडे बोट केलं. पोपडा निघालेल्या जागी पांढरी भुकटी फुलून आली होती. आम्ही तिला लोणा म्हणतो, आणि लग्न होऊन आल्यापासून मी ती खरवडत आले आहे. ते म्हणाले, जिभेला लावून बघा. मी नखाने काढली आणि लावली. खारट. नुसती खारट नाही, तोंड वाकडं होईल अशी.

"गोड्या पाण्याच्या विटेला असं मीठ फुटत नाही," ते म्हणाले. "त्या वर्षीच्या विटा आहेत या. ज्याने त्याने आपल्या घरात आणून लावल्या आणि सेहेचाळीस वर्षं वर चुना मारला. चोरलेल्या पाण्याच्या असत्या तर भिंत कोरडी राहिली असती, वहिनी. मी तर प्रत्येक घरात गेलो की आधी भिंतच बघतो."

सासूबाई भिंतीकडे बघत नव्हत्या. हातातल्या फडक्याची त्यांनी घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन गाड्या आणल्या होत्या आमच्या ह्यांनी. फुकट मिळाल्या म्हणून स्वयंपाकघर मोठं काढलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची. मला आनंदच झाला होता." मग दोरकाकांना म्हणाल्या, "पण भावजी, तुमचा मुलगा त्याच ऑफिसात आहे. नात शाळेत जाते. आता लिहून त्या खालच्यांना काय मिळणार आहे? आणि तुमच्या एकट्याच्या दोराने का झालं ते? पन्नास माणसं होती. दोर घेऊन कुणी नव्हतं गेलं, काठ्या घेऊन गेले होते."

"काठ्यांचं ज्याचं त्याने सांगावं," ते म्हणाले. "मी दोराचं सांगतो."

मुलाशी बोलणं झालं होतं. तो आधी चिडला, ऑफिसात मला तोंड दाखवता येणार नाही म्हणाला, मग दोन दिवस बोललाच नाही, आणि आज सकाळी पाण्याच्या वेळेलाच पुढचं दार उघडून बाजूला उभा राहिला. तेवढं त्यांना पुरेसं वाटलं.

नातीचं त्यांना जास्त लागलं होतं. पान म्हणून दाखवल्यावर तिने विचारलं, आजोबा, मग तुम्ही चोर पकडलेत का? त्यांच्या पानासमोरच चोरांचं पान, त्यामुळे तिला तसं वाटलं. मुलं पुस्तकावर विश्वास ठेवतात. लोकांनी त्यांच्या रजिस्टरावर ठेवला तसाच.

मी तीस आणि एकतीस ही दोन्ही पानं कपाटातून आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. पेन्सिलही ठेवली. फोटोत ते चौतीस-पस्तिशीचे, खांद्यावर वेटोळं, आणि मागे काळा फळा. फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. मी विचारलं, काका, आता काय लिहू? फोटो काढून टाकू का? तुमचं नाव नको असेल तर ते न देताही लिहिता येईल, 'मोजणीत चूक झाली' असं.

त्यांनी दोर पुन्हा गुंडाळायला घेतला. कोपर ते पंजा, कोपर ते पंजा, न बघता, जसा आयुष्यभर गुंडाळला. शेवटचा वेढा झाल्यावर त्यांनी तो पिशवीत घातला नाही. दोन्ही पानांवर ठेवला.

"फोटो राहू दे," ते म्हणाले. "अलीकडच्या पानावरचं ते चोरीचं वाक्य खोडा, आणि फोटोखालची ओळ काढून तिथे लिहा, की वीटवाल्यांनी पाणी चोरलं नव्हतं, ह्या माणसाचा दोर लांब होता, आणि तिसऱ्या दिवशी ते त्याला कळलं होतं. एवढं माझं काम करा."